'किलमोरी, काउंटी क्लिअर': चुकलेल्या स्पेलिंगमधून आयरिश पूर्वजाचं गाव कसं शोधतात

आयर्लंडमध्ये 18 एप्रिल 1926 रोजी जनगणना झाली. घरोघरी भरून घेतलेले ते मूळ फॉर्म कायद्याने शंभर वर्षं बंद ठेवायचे होते आणि ती मुदत एप्रिल 2026 मध्ये संपते. त्यामुळे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशांत विखुरलेल्या आयरिश वंशाच्या लोकांमध्ये पूर्वजांचा शोध घेण्याची मोठी लाट आली आहे. दुसरं कारण पासपोर्टचं. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर नातवंडाला परदेशी जन्मांच्या सरकारी नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होता येतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून असे अर्ज खूप वाढले. अर्जाला आजोबांचा जन्मदाखला लागतो. आजोबांचं नाव जॉन मर्फी असेल, तर त्या नावाची मुलं देशभर ढिगाने सापडतात. त्यातला आपला जॉन मर्फी कोणता, हे गाव कळल्याशिवाय ठरत नाही.

घरातल्या जुन्या कागदावर गाव लिहिलेलं असतंही. पण नकाशावर ते कुठेच नसतं. मग लोक कागद बाजूला टाकतात आणि 'नोंद चुकीची आहे' म्हणून शोध सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा तोच कागद हातातला सगळ्यात भक्कम पुरावा असतो. एका माणसाने आपल्या गावाचं नाव उच्चारलं, समोरच्याने ते कानाने ऐकून लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वीचा तो उच्चार कागदावर टिकून आहे. तो वाचायचा कसा, एवढंच शिकायचं असतं.

नुसतं 'आयर्लंड' किंवा 'काउंटी कॉर्क' का पुरत नाही

आयर्लंड बेटावर 32 काउंट्या आहेत. काउंटीच्या पोटात बॅरनी, बॅरनीच्या आसपास पॅरिश, म्हणजे एका चर्चचा धर्मग्राम, आणि सगळ्यात खाली टाउनलँड. टाउनलँड हा शब्द फसवा आहे. त्याचा टाउनशी काही संबंध नाही. तो जमिनीचा सगळ्यात छोटा, स्वतःचं नाव असलेला तुकडा. कुठे काही एकरांचा, कुठे हजारो एकरांचा. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. आपल्याकडे कुणी नुसतं 'पिंपळगाव' म्हणालं की आपण लगेच विचारतो, कुठलं? तालुका कोणता, जिल्हा कोणता, वाडी कोणती? आयर्लंडमध्ये अगदी तसंच आहे. किलमोर, किलब्राइड, न्यूटाउन ही नावं काउंटीगणिक भेटतात.

आणि जुन्या नोंदी माणसाच्या नावाने लावलेल्या नाहीत, जागेने लावलेल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या वह्या पॅरिशनिहाय, जमिनीच्या याद्या टाउनलँडनिहाय. जागा कळली की दार उघडतं.

एक खबरदारी इथेच सांगतो. कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पॅरिशच्या हद्दी प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या जुन्या हद्दींवरून आल्या. कॅथलिक पॅरिश पुढे नव्याने बांधल्या गेल्या, त्यामुळे त्या बहुधा मोठ्या असतात आणि कित्येकदा त्यांचं नावही वेगळं असतं. तिसरी भानगड जन्मदाखल्यावरच्या 'डिस्ट्रिक्ट'ची. ते गरीबगृहाच्या कारभारासाठी पाडलेल्या विभागाचं नाव असतं. असा विभाग दोन काउंट्यांत पसरलेलाही असू शकतो. त्याला जन्मगाव समजून पुष्कळ लोक भलत्याच शहरात शोधत बसतात.

चूक झाली कुठे?

1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. जाणाऱ्यांत पश्चिमेकडच्या काउंट्यांतली, घरात आयरिश भाषा बोलणारी, अक्षरओळख नसलेली माणसं मोठ्या संख्येने होती. न्यूयॉर्कच्या किंवा लिव्हरपूलच्या कारकुनाने विचारलं, 'गाव?' समोरच्याने सांगितलं. 'स्पेलिंग?' याला उत्तर नव्हतं. कारकुनाने आपल्या कानाला जसं पटलं तसं लिहिलं. सही म्हणून फुली मारली गेली. लिहिलेलं वाचून कुणी दुरुस्त करणार नव्हतं.

बरं, गावाचा माणूस उच्चारतो एक आणि नकाशावर दिसतं दुसरंच. कॉर्क काउंटीत समुद्राकाठी एक गाव आहे. त्याचं स्पेलिंग वाय-ओ-यू-जी-एच-ए-एल. उच्चार मात्र 'यॉल'. टिपेररीमधलं सी-ए-एच-आय-आर हे गाव लोक 'केअर' म्हणतात. मॉनाहन आणि ड्रॉहेडा यांच्या स्पेलिंगमधला 'जी' कुणी उच्चारत नाही. म्हणजे बोस्टनच्या कारकुनाने 'वाय-ए-डब्ल्यू-एल' लिहिलं, तर ऐकण्यात त्याने काहीच चूक केली नाही. सर्चच्या चौकटीत मात्र ते गाव सापडत नाही, कारण संगणक अक्षरं जुळवतो.

पुढचा घोळ हस्ताक्षराचा. जुन्या वळणात एल आणि एस, टी आणि एफ, एन आणि यू सहज एकमेकांसारखे दिसतात. कारकुनाने बरोबर लिहिलेलं नाव शंभर वर्षांनी यादी टाइप करणाऱ्याने चुकीचं वाचलं, असंही होतं. म्हणून टाइप केलेल्या यादीवर थांबू नये. मूळ पानाची प्रतिमा उघडून बघावी. त्या लेखनिकाचा 'के' कसा आहे, 'आर' कसा आहे, हे त्याच पानावरच्या ओळखीच्या शब्दांवरून कळतं.

मग 'बरोबर' स्पेलिंग आलं कुठून?

हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. आज आपण ज्याला बरोबर स्पेलिंग म्हणतो, ते बऱ्याच टाउनलँडांच्या बाबतीत 1830 आणि 1840 च्या दशकांत ठरलं. ब्रिटिश लष्कराच्या सर्वेक्षण खात्याने, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेने, 1824 पासून संपूर्ण बेटाचा, मैलाला सहा इंच या प्रमाणाचा, कितीतरी बारीक नोंदी असलेला नकाशा काढायला घेतला. नावं इंग्रजीत लिहायची कशी, हा प्रश्न आला. त्यासाठी 1830 मध्ये जॉन ओ'डोनोव्हन या आयरिश भाषेच्या विद्वानाला नेमलं. तो काउंटीमागून काउंटी फिरला, त्या-त्या भागातल्या म्हाताऱ्यांना नाव उच्चारायला लावलं, जुन्या दस्तऐवजांतली रूपं ताडून पाहिली आणि मग नकाशावर जाणारं एक इंग्रजी रूप ठरवलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 1820 मध्ये देश सोडलेल्या माणसाच्या गावाला तोवर असं ठरलेलं स्पेलिंगच नव्हतं. जमीनदाराच्या वहीत एक, पाद्र्याच्या वहीत दुसरं, करवसुलीच्या यादीत तिसरं. 1823 ते 1837 च्या सुमारास झालेल्या चर्च-कराच्या याद्यांत, ज्यांना टाइद अप्लॉटमेंट बुक्स म्हणतात, अशी नकाशाआधीची रूपं भरपूर भेटतात. आणि ओ'डोनोव्हनच्या टिपण-वह्यांत एकेका टाउनलँडसमोर तोवर वापरात असलेली पाच-सहा स्पेलिंगं आणि ती कुठून घेतली तेही लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या कागदावरचं 'चुकीचं' नाव तिथे एक जुनं, रीतसर रूप म्हणून उभं असू शकतं. आयर्लंडच्या स्थलनामांच्या सरकारी डेटाबेसवर, लॉगनिमवर, बऱ्याच नावांची जुनी रूपं फुकट पाहता येतात.

नाव फोडून वाचायचं

आयरिश स्थलनामं ठरावीक तुकड्यांची बनलेली असतात. बॅली म्हणजे वस्ती, किल म्हणजे चर्च, नॉक म्हणजे टेकडी, डेरी म्हणजे ओकची राई, लिस आणि राथ म्हणजे मातीच्या तटाची जुनी गढी, ड्रम म्हणजे डोंगराची पाठ, क्लून किंवा क्लॉन म्हणजे कुरण. शेवटी लागणारे मोर आणि बेग म्हणजे थोरलं आणि धाकटं. हे पंधरा-वीस तुकडे पाठ झाले की अर्धं काम झालं. 'नॉक' असा आवाज इंग्रज कारकून चार तऱ्हांनी लिहील, पण आपण त्यामागचा तुकडा ओळखू शकतो.

स्वरांवर विसंबू नये. 'बॅली', 'बाला', 'बेली', 'बल्ली' यांत फरक करायचा नाही. सगळी एकाच पेटीत. त्यातही 'बॅली' कधी आयरिश 'बाल्य' म्हणजे वस्तीवरून येतं, तर कधी नदीच्या उताराच्या, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या उथळ जागेच्या, तोंडावरून. बॅलिना आणि बॅलिनास्लो ही गावं दुसऱ्या प्रकारची आहेत. किलचंही तसंच, कधी चर्च, कधी रान. शोधणाऱ्याला अर्थ लागलाच पाहिजे असं नाही. व्यंजनांचा सांगाडा मात्र कागदावर उतरवून घ्यावा: क-ल-म-र, ब-ल-न-क. मग तो सांगाडा त्या काउंटीच्या टाउनलँडांच्या यादीशी ताडायचा. यासाठी 1851 च्या जनगणनेवर आधारलेली, 1861 मध्ये छापलेली टाउनलँडांची वर्णानुक्रम सूची अजूनही उत्तम आहे. तिच्यात प्रत्येक टाउनलँडचं क्षेत्रफळ, काउंटी, बॅरनी आणि पॅरिश दिलेली आहे.

एक नोंद जवळून बघू

ब्रिटिश लष्करात शिपाई भरती झाला की छापील फॉर्मवर एक ठरावीक वाक्य भरलं जाई: अमुक पॅरिशमध्ये, अमुक टाउनमध्ये किंवा जवळ, अमुक काउंटीत जन्मलेला. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनर शिपायांचे असे कागद हजारोंनी आहेत. समजा, आपल्या माणसाच्या कागदावर लिहिलंय: पॅरिश किलमोरी, टाउन मिल्टन, काउंटी क्लिअर.

'क्लिअर' नावाची काउंटी नाही. कॉर्कच्या दक्षिणेला क्लिअर नावाचं बेट आहे आणि घाईत असलेला माणूस तिथेच उडी मारतो. पण ही जागा काउंटीची आहे, बेटाची नाही. आवाज क्लेअर काउंटीशी जुळतो. मग किलमोरी. सांगाडा क-ल-म-र. पहिल्यांदा किलमोर सुचतं, पण शेवटचा 'ई' कारकुनाने उगाच लावलेला नसावा. किलमरी, म्हणजे मेरीचं चर्च, जास्त जवळचं. आता पंचाईत अशी की क्लेअरमध्ये किलमरी नावाच्या तीन पॅरिश आहेत: एक सिक्समाइलब्रिजच्या बाजूला, एक शॅनन नदीच्या खाडीकाठची किलमरी मॅकमाहन, आणि तिसरी अटलांटिक किनाऱ्यावरची किलमरी इब्रिकेन.

इथे टाउन मदतीला येतं. मिल्टन म्हणजे मिलटाउन असणार. क्लेअरच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलटाउन मॅलबे आहे आणि त्याला लागून आहे ती किलमरी इब्रिकेन. तिन्ही शब्द चुकीचे लिहिलेले, पण तिन्हींचा छेद एकाच जागी पडतो. या रीतीवर माझा भरवसा आहे तो यासाठी. एकटा चुकीचा शब्द दहा ठिकाणी नेतो, दोन-तीन चुकीचे शब्द मिळून बहुधा एकाच ठिकाणी नेतात.

गावाचं नावच बदललं असेल तर?

हे बरेचदा घडतं, आणि तिथे स्पेलिंगचा दोष नसतो. जुन्या कागदांवरची किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफाली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. मेरीबरो आता पोर्टलीश आहे, फिलिप्सटाउन डँगन झालं, किंग्स्टाउन डन लिअरी झालं. बराक ओबामांचे आईकडचे पूर्वज फॅलमथ कर्नी 1850 मध्ये मनीगॉलहून अमेरिकेला गेले. हे खेडं ऑफालीत टिपेररीच्या सीमेवर आहे, त्या काळच्या कागदांत किंग्ज काउंटीत. चर्चच्या जुन्या नोंदींमुळे तो धागा पक्का झाला आणि 2011 मध्ये ओबामा त्या खेड्यात जाऊन आले.

कॉर्कच्या बंदराची कथा तर अजून घोळाची. 1849 पर्यंत कागदोपत्री ते 'कोव्ह', साधा इंग्रजी शब्द. त्या वर्षी राणी व्हिक्टोरिया आली आणि ते क्वीन्सटाउन झालं. पुढे जुनं नाव परत आलं, पण आयरिश वळणाच्या सी-ओ-बी-एच अशा स्पेलिंगने. उच्चार तोच. आणि बंदरांबाबत एक धोका कायम ध्यानात ठेवायचा: जन्मठिकाण म्हणून क्वीन्सटाउन किंवा लंडनडेरी, म्हणजेच डेरी, लिहिलं असेल, तर ते पुष्कळदा जहाजात बसल्याचं ठिकाण असतं. डॉनेगॉल आणि टिरोनची माणसं डेरीहून जहाजात बसत.

'पण सगळे कागद तर जळाले ना?'

30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं, हे खरं. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 ते 1891 च्या चार जनगणना मात्र आगीत गेल्या नाहीत, त्या सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. पण कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, त्या चर्चांकडे होत्या. साधारण 1880 पर्यंतच्या वह्यांची पानं नॅशनल लायब्ररीने 2015 पासून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. 1864 पासूनची सरकारी जन्म-मृत्यू नोंद शाबूत आहे. 1901 आणि 1911 ची जनगणना शाबूत आहे, पण त्यात जन्मठिकाण म्हणून फक्त काउंटी विचारलेली असे. 1847 ते 1864 दरम्यानची ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे कोणत्या टाउनलँडमध्ये कुणाकडे किती जमीन-घर होतं याची करआकारणीची यादी, तीही आहे. जळालेल्या दप्तरांच्या इतरत्र उरलेल्या नकला गोळा करून 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी' त्या 2022 पासून इंटरनेटवर ठेवते आहे.

'डीएनए चाचणी केली की गाव कळत नाही का?'

थेट नाही. चाचणी गावाचं नाव देत नाही, नातेवाईक देते. मात्र कुणा दूरच्या चुलतभावाला त्याच्या घराण्याचा टाउनलँड पक्का माहीत असेल आणि तो आपल्या 'किलमोरी'पासून दोन मैलांवर असेल, तर तो मोठा पुरावा होतो. कागद आणि डीएनए एकत्र चालवावेत.

'नाव एलिस आयलंडवर बदललं' हेही ऐकू येतं. एलिस आयलंड 1892 मध्ये उघडलं, दुष्काळातली लाट त्याच्या चाळीस वर्षं आधीची. शिवाय तिथले अधिकारी नव्याने नाव लिहीत नसत. निघण्याच्या बंदरावर बनलेली जहाजाची यादी ते तपासत.

सापडलं, असं म्हणायचं कधी?

नकाशावर जुळणारं नाव दिसलं म्हणजे शोध संपला, असं नाही. ही फक्त एक शक्यता. आता माणसं जुळली पाहिजेत. ग्रिफिथ्समध्ये त्या पॅरिशमध्ये आपलं आडनाव आहे का? आपला माणूस आधीच गेला असेल, तर तिथे त्याचा बाप किंवा भाऊ दिसायला हवा. आईचं माहेरचं आडनाव शेजारच्या टाउनलँडमध्ये आहे का? ओ'सुलिवन हे आडनाव कॉर्क-केरीत जिकडेतिकडे आहे, त्याचा फार उपयोग नाही. पण बायकोचं आडनाव दुर्मीळ असेल, तर तेच रस्ता दाखवतं. परदेशात झालेल्या मुलांच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर-गॉडमदर कोण होते, लग्नाचे साक्षीदार कोण, हे पाहावं. लोक एकट्याने जात नसत. एका पॅरिशची माणसं शिकागोच्या एकाच गल्लीत राहत. शेजाऱ्याच्या थडग्यावर गावाचं नाव नीट कोरलेलं असेल, तर ते आपल्यालाही उपयोगी.

आणि एकाच माणसाच्या जेवढ्या नोंदी मिळतील तेवढ्या गोळा कराव्यात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि न्यू साऊथ वेल्सचे मृत्यूदाखले जन्मठिकाण आणि आईबापांची नावं देतात. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने 1850 पासून खातेदारांचं गाव, नातेवाईक टिपून ठेवले. बोस्टनच्या 'पायलट' वर्तमानपत्रात 1831 पासून हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यात पॅरिशपर्यंत पत्ता असे. नोंद जितकी आयर्लंडच्या जवळ झाली असेल, तितका लिहिणाऱ्याचा कान तयार असतो. कॉर्कच्या भरती केंद्रातल्या सार्जंटने लिहिलेलं नाव मिनेसोटाच्या कारकुनापेक्षा मी आधी मानेन.

मुंबई, पुणे आणि आयरिश शिपाई

महाराष्ट्राशी या विषयाचा दुवा याच भरतीतून येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. कंपनीची मुंबईची जुनी युरोपियन पलटण 1862 मध्ये ब्रिटिश लष्करात 103 वी रेजिमेंट, रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि 1881 मध्ये तीच रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला दर वर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/3' या क्रमांकाखाली आहेत. मुंबई सैन्याची सेवादप्तरं 'एल/मिल/12'मध्ये.

पुण्या-मुंबईतल्या ज्या अँग्लो-इंडियन घरांत 'खापरपणजोबा आयरिश होते' एवढंच ठाऊक आहे, त्यांनी दफनाच्या नोंदीवर थांबू नये. तिच्यात गाव सहसा नसतं. तिथून पलटण आणि मृत्यूची तारीख घ्यावी आणि भरतीच्या नोंदवहीकडे जावं, कारण पॅरिश आणि काउंटी विचारली जायची ती भरतीच्या वेळी. तिथलं नाव जसं लिहिलंय तसंच, एकही अक्षर न सुधारता उतरवून घ्यावं. आपण लावलेला अर्थ त्याच्या शेजारी वेगळा लिहावा आणि दोन गावं उरली असतील, तर दोन्ही लिहावीत.